सावली पायाखाली

माझ्याकडे मामांचा एक फोटो आहे. त्यात मामांचं सगळं दिसतं, फक्त चेहरा दिसत नाही. 2011 सालच्या डिसेंबरातला. सुलतानपूरच्या घराच्या पडवीत मामा उभे आहेत, मागे उन्हात अंगणभर कापूस पडलाय, अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्यावर पांढरी टोपी. कापसाचा पुंजका न् पुंजका वेगळा ओळखू येतो. टोपीची घडी दिसते. टोपीखाली मात्र काळपट डाग आहे.

पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तेव्हा मामींनी माझ्याकडे मागितला. भाचा कॅमेरेवाला, त्याच्याकडे असणारच. मी तो काळा भाग संगणकावर उजळून पाहिला. चेहरा वर यायच्या ऐवजी लाल-हिरवे ठिपके वर आले. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला, त्याला काच बसवली आणि तोच भिंतीवर लागला. त्यात मामा कुणीतरी दटावून खुर्चीवर बसवल्यासारखे दिसतात. मामा तसे नव्हते.

चूक कुठे झाली ते मला फार उशिरा उमगलं. कॅमेऱ्याच्या मीटरला कापूस कळत नाही, माणूस कळत नाही. समोर जे काही आहे त्याची सरासरी काढली तर ते मधल्या राखाडी रंगाचं असणार, पडलेल्या उजेडापैकी साधारण 18 टक्के परत धाडणारं, एवढं एकच गृहीतक धरून तो चालतो. बहुतेक वेळा हे जमतं. पण चौकटीत तीन हिस्से कापूस, टोपी आणि धोतर असेल तर मीटरला वाटतं, उजेड फार झाला. तो उजेड छाटतो. पांढरा कापूस राखाडीकडे झुकतो, आणि पडवीच्या सावलीत उभा असलेला सावळा माणूस थेट अंधारात जातो. त्या दिवशी मी मीटरचं ऐकलं. दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजेड वाढवला असता तर कापूस जळाला असता, त्याचे पुंजके दिसले नसते, पण मामा राहिले असते.

म्हणून 2024 च्या मे महिन्यात मी मुद्दाम सुलतानपूरला गेलो, आणि मुद्दाम 20 तारीख धरली. फोटो काढणाऱ्यांना पहिला सल्ला मिळतो तो असा, की सकाळी लवकर काढा, नाहीतर संध्याकाळी. दुपारचं ऊन वाईट. हा सल्ला थंड मुलखातून आला असावा असं मला वाटतं. आमच्याकडे कापूस वेचायचं काम दुपारीच चालतं, सोयाबीनची सोंगणी दुपारी, बाजार दुपारी, लग्नाचा मुहूर्तसुद्धा बारा-साडेबाराचा. दुपार टाळली तर इथल्या माणसाचं अर्धं आयुष्य कॅमेऱ्याबाहेर राहतं. मला दुपार शिकायची होती, आणि शिकायचीच तर वर्षातली सगळ्यात उभी दुपार का नको? विसाव्या अक्षांशाच्या आसपासच्या या पट्ट्यात 20 मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. दुसरी वेळ येते जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेलं असतं.

छत्रपती संभाजीनगरहून एस.टी. धरली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून घाईची माणसं वरून निघून जातात. जुन्या नागपूर रस्त्याला राहिली ती आमच्यासारखी, गावोगाव उतरणारी. जालना, मग जिजाऊंचं सिंदखेडराजा, किनगावराजा, दुसरबीड, बिबी. मेमधलं शिवार खिडकीतून पाहिलं तर दोनच रंग दिसतात. नांगरून तापत टाकलेली काळी जमीन, आणि उजेडाने धुऊन पांढुरकं झालेलं आभाळ. मध्ये कुठे तरी लिंबाचं झाड. मी खिडकीतूनच मोजमाप घेत होतो. काळ्या रानावर कॅमेरा धरला की मीटर उलटं करतो. त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो वाढवतो, आणि कसदार काळी माती फोटोत पोपडे धरलेल्या भिंतीसारखी फिकी येते. माती काळी हवी असेल तर मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप कमी. कापूस पांढरा हवा असेल तर एक-दीड स्टॉप जास्त. वऱ्हाडात फोटो काढणाऱ्याला या दोन दुरुस्त्या पाठ पाहिजेत, कारण इथे वर्षभर डोळ्यांपुढे हे दोनच पदार्थ असतात.

सुलतानपूरला उतरलं की सरळ रस्ता मेहकरला जातो आणि उजवीकडचा लोणारला. पुतण्या मोटारसायकल घेऊन उभा होता. घरी मामी पडवीत बसलेल्या, मोहिनी एकादशीचा उपास, हातात विंझणा. “एवढ्या उन्हात कायले आला बापा? लू लागन ना.” मी म्हणालो, मामी, ऊन पाहायलाच आलोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आतून माठातलं पाणी मागवलं.

रात्री आम्ही गच्चीवर गाद्या टाकल्या. एकादशीचा चंद्र चढलेला होता. मी सवयीने त्याच्यावर लेन्स धरली, पुतण्या पाहत होता. त्याला नवल वाटलं ते आकड्यांचं. रात्र आहे, आणि काका कॅमेरा जवळजवळ दुपारच्या हिशेबाने लावतायत! पण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगडच की. आपल्याकडे रात्र असली तरी तिथल्या दगडावर दुपार आहे. पौर्णिमेच्या चंद्राला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, 11 आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ 100 असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, हा जुना ठोकताळा आहे. त्या रात्रीचा चंद्र पौर्णिमेला थोडा कमी होता, म्हणून मी 8 धरलं. पडद्यावर मोठं करून दाखवलं तेव्हा जिथे चंद्राचा उजेड संपून अंधार सुरू होतो त्या कडेवरची विवरं खोल, ठसठशीत दिसत होती, आणि मधल्या झगझगीत भागातली जवळजवळ पुसली गेली होती. “मधात खड्डे नाईत का?” त्याने विचारलं. आहेत. तिथे सूर्य डोक्यावर आहे, सावली पडत नाही, म्हणून दिसत नाहीत.

हे वाक्य बोलून गेलो आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. उद्या आम्ही बारा किलोमीटरवरच्या विवराकडे जाणार होतो, आणि तिथेही सूर्य डोक्यावर असणार होता.

उन्हाचं माप घ्यायला मला पहिल्यांदा शिकवलं ते मेहकरच्या एका स्टुडिओवाल्याने. माझ्या मोठ्या मावसबहिणीच्या लग्नात तो फोटो काढत होता, रोलचा जमाना. मी नऊ-दहा वर्षांचा, त्याच्या पिशवीमागे फिरणारा. मी त्याच्याकडे मीटर कधी पाहिला नाही. फोटो काढण्याआधी तो आभाळाकडे पाहायचा नाही, जमिनीकडे पाहायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “सावली पाय. सावलीची कड पाय.” कड सुरीने कापल्यासारखी असेल तर ॲपर्चर 16. कड मऊ झाली असेल तर 11. सावली आहे की नाही अशी शंका येत असेल तर 8. सावलीच नसेल, आभाळ भरलं असेल, तर 5.6. शटर आयएसओच्या आकड्यावर ठेवायचं आणि विसरून जायचं. रोलच्या डब्यावर हाच तक्ता छोट्या सूर्याच्या आणि ढगाच्या चित्रांनी छापलेला असे, पण त्याने तो सावलीच्या भाषेत पाठ केला होता.

मराठीने फोटोला छायाचित्र म्हटलं, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. इंग्रजी शब्दाच्या पोटात उजेड आहे, आपल्या शब्दाच्या पोटात छाया. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तो मुख्यतः उन्हाच्या जिवावर चित्रित झालेला, दादरच्या अंगणात. विजेचे मोठे दिवे हाताशी नसलेल्या त्या काळात ऊन हाच दिवा आणि कापडाची आडोशाची कनात हाच त्याचा खटका. सावली कशी आणि किती पडू द्यायची, यातच सगळी कारागिरी. मेहकरचा तो माणूसही त्याच जातकुळीतला होता.

सकाळी पुतण्याने कॅमेरा हातात घेतला आणि विचारलं, 16 म्हणजे मोठं का लहान? लहान. मग आकडा मोठा कसा? बारावीला बसणारा मुलगा, त्याला अर्धवट उत्तर देऊन चालत नाही. तो आकडा म्हणजे भागाकार आहे. 50 मिलिमीटरची लेन्स, 16 ने भागली की छिद्र जेमतेम 3 मिलिमीटरचं, ज्वारीच्या दाण्याएवढं. तीच 2 ने भागली की 25 मिलिमीटर, जुन्या रुपयाएवढं. दाणा आणि रुपया यांच्यामध्ये 11, 8, 5.6, 4, 2.8 अशा पायऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे एक स्टॉप, उजेड निम्मा किंवा दुप्पट. आकडे विचित्र वाटतात कारण रुंदी 1.4 पटीने बदलली की क्षेत्रफळ दुप्पट होतं.

हे सगळं त्याने ऐकलं, पण डोळ्यात चमक आली ती दांडाचं सांगितल्यावर. रात्री लाइट आली की हाच मुलगा वाफ्यात पाणी सोडायला जातो. वाफा भरायचाय. दांडाचं तोंड रुंद फोडलं तर पाणी झपाट्याने येतं, लवकर बंद करावं लागतं. चिंचोळं ठेवलं तर हळू येतं, जास्त वेळ उभं राहावं लागतं. वाफा दोन्हीकडून भरतो. तोंडाची रुंदी म्हणजे ॲपर्चर, उभं राहण्याचा वेळ म्हणजे शटर. आणि माती किती तहानलेली आहे तो आयएसओ. “आन् मे महिन्यात दांडाले पूर आलेला हाय,” तो म्हणाला. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

कारण अडचण तीच आहे. या उन्हात आयएसओ 100 ठेवून 16 वर सेकंदाचा 125 वा भाग पुरतो. छिद्र उघडत जा: 8 वर 500 वा भाग, 4 वर 2000 वा, 2.8 वर 4000 वा, 2 वर 8000 वा. बऱ्याच कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर इथे संपतं, काहींचं तर त्याआधीच 4000 वर. म्हणजे माणसाच्या मागचं सगळं विरघळून टाकायचं, 1.4 वर पोर्ट्रेट काढायचं, तर दारच बंद होत नाही इतक्या वेगाने पाणी येतंय. त्यासाठी लेन्सवर काळी काच, एनडी फिल्टर लावतात. तीन स्टॉपची काच उजेडाचा आठवा हिस्साच आत सोडते. उलट टोकाला 22 वर जाऊन उजेड कमी करावा असं वाटतं, पण इतक्या बारीक छिद्राच्या कडांवरून उजेड वाकतो, पसरतो, आणि सगळं चित्र किंचित मऊ पडतं. माझ्या कॅमेऱ्यावर 11 च्या पुढे हे दिसायला लागतं. भर उन्हात मी 8 वर राहतो आणि बाकीचं शटरवर सोपवतो.

साडेअकराला निघालो. मामींनी मामांचा जुना दुपट्टा डोक्याला बांधायला दिला. त्याचा मला दिवसभर जो उपयोग झाला तो कोणत्याही महागड्या साधनाने केला नसता. भर उन्हात कॅमेऱ्याचा पडदा दिसत नाही. जो काही दिसतो तो इतका अंधुक, की काढलेला प्रत्येक फोटो काळा वाटतो, आणि माणूस घाबरून उजेड वाढवत सुटतो. घरी येऊन पाहावं तर सगळं पांढरं. दुपट्टा डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घ्यायचा, आतल्या अंधारात आधी हिस्टोग्राम पाहायचा. तो आलेख उन्हाला फसत नाही. डाव्या भिंतीला काळं, उजव्या भिंतीला पांढरं. उजव्या भिंतीवर डोंगर आदळला की तिकडचं जे गेलं ते गेलं.

लोणारच्या काठावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. माणूस नव्हतं. दगड बुटाच्या तळव्यातून जाणवत होते. आपल्या घड्याळातली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. लोणार त्याच्या सहा अंश पश्चिमेला, म्हणून इथली खरी माध्यान्ह बाराला होत नाही, मेमध्ये बारा वीसच्या आसपास होते. पुतण्याने घरून स्टीलचा ग्लास आणला होता. तो सपाट दगडावर उपडा ठेवला. बारा दहाला बुडाशी नखाएवढी काळी कोर होती. ती बारीक होत गेली. बारा वीसला ग्लास दगडावर असा उभा होता, जणू कुणी चित्रातून कापून तिथे चिकटवलाय. त्याच्या भोवती काहीच नव्हतं. पुतण्याची सावली त्याच्याच पायांखाली गोळा झाली होती, खांद्याएवढी.

मला एकदम मेहकरचा तो स्टुडिओवाला आठवला. सावली नसेल तर 5.6, त्याने सांगितलं होतं. इथे सावली नव्हती. पण इथे 5.6 लावलं असतं तर आठपट उजेड आत घुसला असता. भरल्या आभाळात सावली नसते कारण उजेड सगळीकडून येतो. आज सावली नव्हती कारण तो एकाच जागेवरून, अगदी सरळ वरून येत होता. सावली नसण्याचे दोन अर्थ, आणि त्यांच्यात तीन स्टॉपचं अंतर. त्याने कधी पाहिलं असेल का हे? मला वाटतं, त्याने ग्लासाकडे पाहिलं नसतं, बाजूच्या बोरीच्या काट्याकडे पाहिलं असतं. काट्याची सावली दगडावर पडली होती, आणि तिची कड सुरीची होती.

मग मी विवराकडे वळलो, आणि रात्री जी शंका होती ती खरी ठरली. लोणारचं विवर काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, काठापासून तळ सव्वाशे-दीडशे मीटर खाली. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेली विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी, म्हणून चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात. वय पूर्वी 52 हजार वर्षांच्या आसपास धरत, पुढे आर्गॉनच्या मोजणीतून सुमारे 5 लाख 70 हजार निघालं. एवढं सगळं समोर होतं, डोळ्यांना ते खोल दिसत होतं, कारण दोन डोळे आणि पाय मिळून खोली ओळखतात. कॅमेऱ्याच्या एका डोळ्याला मात्र ते ताटासारखं सपाट दिसलं. हिरवट पाण्याची चकती, भोवती झाडांचं कडं, भोवती फिकट पिवळा उतार. एकाही उताराची सावली दुसऱ्यावर पडत नव्हती. काल रात्रीच्या चंद्राच्या मधल्या भागासारखंच.

ॲपर्चर कितीही बदललं तरी हे बदलत नाही, हे मी तिथे तासभर उभा राहून शिकलो. एक्स्पोजर उजेड किती ते ठरवतं. तो कुठून यायचा ते सूर्य ठरवतो. मी पोलरायझर लावून पाहिला. ही काच दीड-दोन स्टॉप उजेड खाते, पण पाण्यावरची, काचेवरची, पानांवरची चकाकी कापते; पुढची रिंग फिरवत जायचं, एका जागी चकाकी मालवते. काठावरून पाणी फार तिरपं दिसतं, त्यामुळे तिथे फरक थोडाच पडला. आभाळाला मात्र पडला. सूर्य डोक्यावर असला की त्याच्याशी काटकोनातलं, म्हणजे चारी बाजूंच्या क्षितिजालगतचं आभाळ गडद होतं. पांढुरक्या उन्हाळी आभाळात खाली निळ्याची एक पट्टी उमटली आणि तिने विवराचा पलीकडचा काठ वेगळा काढला. तेवढ्याने चित्राला थोडी खोली आली.

2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. पाणी घटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं. तेव्हाचे कितीतरी फोटो मी पाहिले, आणि बहुतेकांत गुलाबी रंग सरबतासारखा सपाट होता. लाल भडक रंगाची ही खोड आहे. एकूण उजेड बरोबर दिसतो, पण तीन रंगांपैकी एकटा लाल आतल्या आत भिंतीला आदळलेला असतो. लग्नातलं कुंकू, देवीचा शेंदूर, लाल पागोटं, सगळ्यांचं हेच होतं. हिस्टोग्रामचे तीन रंग वेगळे पाहायची सवय असेल तर सावध होता येतं.

उतरणीला लागून दैत्यसूदनाच्या देवळाकडे गेलो, लोणार गावात. चाळुक्य शैलीतलं, ताऱ्याच्या आकाराच्या आराखड्याचं. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींवर ऊन सरळ वरून घसरत होतं. प्रत्येक भुवईखाली, प्रत्येक नाकाखाली, प्रत्येक हाराच्या मण्याखाली काळी रेघ. पाटीसारख्या सपाट विवरानंतर इथे तेच ऊन खोदकाम करत होतं, कारण या भिंती उभ्या आहेत. उभ्या दगडाला डोक्यावरचा सूर्य तिरपा लागतो. मी 8 वर, 500 व्या भागावर एकामागून एक फोटो काढले आणि पहिल्यांदा त्या दिवशी मन भरलं.

आत पाऊल टाकलं आणि काहीच दिसेना. डोळे सरावायला पाच-सात मिनिटं गेली. मग छतावरच्या कोरीव आकृत्या हळूहळू वर आल्या, जणू कुणी भिजवून काढतंय. मी मोजलं. आत 4 वर, पंधराव्या भागावर, आयएसओ 1600. बाहेरच्या उन्हाशी हिशेब केला तर फरक अकरा स्टॉपचा, म्हणजे सुमारे दोन हजार पट. दारातून एकाच फोटोत आतली मूर्ती आणि बाहेरचं अंगण धरायचं म्हटलं, तर सेन्सर त्याच्या सगळ्या ताकदीनिशी जेमतेम पुरेल. रॉ फाइलमध्ये तो उजेडाच्या 16,384 पायऱ्या मोजतो, पण त्यातल्या निम्म्या सगळ्यात उजळ स्टॉपलाच जातात, उरलेल्याच्या निम्म्या त्याखालच्याला, आणि अंधाराच्या वाट्याला येईस्तोवर मूठभर उरतात. मामांच्या फोटोत लाल-हिरवे ठिपके का आले ते या मूठभर पायऱ्यांत आहे. आणि तो तर जेपेग होता; तिथे सगळ्या मिळून 256.

मी दारात उभा राहिलो आणि अंगण जाऊ दिलं. मूर्तीसाठी उजेड घेतला. दार पांढरं फटक झालं.

सुलतानपूरला परतलो तेव्हा चार वाजत आले होते. मामी त्याच पडवीत, त्याच खांबाशी बसल्या होत्या. एकादशी सुटली होती, पुरणाचा वास घरात होता. मागे अंगण तसंच पेटलेलं, फक्त कापूस नव्हता. मी म्हणालो, मामी, बसा तशाच. मीटर काय म्हणतो ते पाहिलं: 8 वर, हजारावा भाग. पडवीतल्या सावलीचा उजेड उन्हाच्या आठव्या हिश्श्याएवढा, कधी त्याहूनही कमी. मी मीटर बंद करून मॅन्युअलवर गेलो, हाताने 5.6 आणि 125 वा भाग लावला, त्यांच्या गालावरचा उजेड धरून. सहापदरी सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, डोळ्यात अंगणाचा एक पांढरा ठिपका. दुपट्ट्याखाली दाखवलं तर त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“आंगण कुठं गेलं?”

उन्हात गेलं मामी. एक तर ते राहतं, नाहीतर तुम्ही.

“जाऊ दे. आंगण तं इथंच हाय.”

मग त्या उठल्या, आत गेल्या आणि भिंतीवरची तसबीर काढून घेऊन आल्या. मतदार ओळखपत्रावरचा तोच फोटो. ती मांडीवर उभी धरून पुन्हा खांबाशी बसल्या. “आता काढ.” मी पाहिलं तर काचेत सगळं अंगण आणि वरचं आभाळ भरलं होतं, पांढरं, लखलखीत. मामांच्या जागी चौकोनी ऊन. पुतण्या म्हणाला, काच काढू का. मामी नको म्हणाल्या, चौकट जुनी आहे, तडकेल.

लोणारच्या काठावर फारशी कामाला न आलेली ती पोलरायझरची काच मी पिशवीतून काढून लेन्सवर चढवली. तसबिरीची काच अगदी समोरून पाहिली तर चकाकी मरत नाही, तिरपं पाहावं लागतं. म्हणून मी बाजूला सरकलो, गुडघ्यावर बसलो. दोन स्टॉप जाणार होते, शटर तितकं उतरवलं. डोळा लावला आणि रिंग फिरवू लागलो. पाव वळसा, काही नाही. आणखी थोडी. काचेवरचं आभाळ कडेकडेने राखाडी झालं, मग पातळ झालं, आणि त्याखालून आधी टोपी आली, मग कपाळ, मग मामांचे डोळे.

“दिसते का?” मामींनी विचारलं.

मी श्वास धरून बटण दाबलं.